विलायती चिमटा आणि मुरूडचे न्हाणे

मुंबई

ज्या बाईला आफ्रिकेत मोंबाशाला जायचे आहे तिने आधी मुरूडला गेले पाहिजे, ही गोष्ट आमच्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात नव्हती. मला ती लग्नानंतर कळली. माझे यजमान मोंबाशाला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला आहेत. रजेवर आले, लग्न झाले, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात जेमतेम चार दिवस राहून परत गेले. माझी परीक्षा व्हायची होती म्हणून मी माहेरीच राहिले. परीक्षा झाली की एका ओळखीच्या कुटुंबाच्या सोबतीने मी बोटीने जायचे असे ठरले. पण त्याआधी मुरूडला सासूबाईंकडे जायचे आणि त्यांनी ओटी भरून ‘जा’ म्हटले तरच मुंबईचा किनारा सोडायचा, हेही त्याच बैठकीत ठरले. तिकीट निघाले होते. सासूबाई ‘नको’ म्हणाल्या असत्या तर वडिलांनी ते मुकाट्याने परत केले असते.

मला जायचे होते. हे मी घरात कोणाला बोलून दाखवले नव्हते. मुलीने नवऱ्याकडे जायला उत्सुक दिसणे आमच्याकडे बरे मानत नाहीत. शाळेत नन्स पृथ्वीचा गोल फिरवीत तेव्हा मुंबईवर बोट ठेवून डावीकडे सरकवले की मध्ये नुसते निळे लागे आणि मग आफ्रिका. ते निळे मला पाहायचे होते. आणि चार दिवसांत ज्यांच्याशी धड चार वाक्येही बोलले नव्हते, त्यांच्याशी पाचवे वाक्य बोलायचे होते.

अडचण होती माझ्या केसांची. ते कुरळे आहेत असे म्हणणे म्हणजे फार सौम्य बोलणे झाले. न्हाऊन उठले की ते माझ्या डोक्यावर उभे राहतात, एकमेकांत गुंततात आणि कोरडे होता होता चहूकडे पसरतात. शाळेतल्या मुली त्यांना काथ्या म्हणत. एका स्थळाने तर केसांवरून नकारच कळवला होता. त्यामुळे मुरूडच्या मंडळींनी मध्यस्थाकडून ‘मुलगी सावळी चालेल, केस मात्र लांब आणि सरळ हवेत’ असे कळवले तेव्हा आईने क्षणाचाही विचार न करता ‘आहेत ना’ म्हणून टाकले. लग्नात माझ्या डोक्यावर वाटीभर तेल आणि इतका घट्ट अंबाडा होता की माझे डोळे कानांकडे ओढले गेले होते. सासूबाईंनी मला पाहिले ते त्या अवस्थेत.

‘तेव्हा निभावलं,’ आई म्हणाली. ‘पण आता दोन दिवस त्यांच्या घरात राहायचंय. आणि पुढं मडमांत वावरायचंय. काहीतरी केलंच पाहिजे.’

हे ‘काहीतरी’ महिनाभर चालले. रोज सकाळी मसुराचे पीठ आणि साय. कोपरांना लिंबाची साल. दुपारी उंच टाचांचे बूट घालून गच्चीवर येरझारा, कारण परदेशात चपला चालत नाहीत असे शेजारच्या बाईंनी सांगितले होते. या सगळ्याने माझा रंग उजळला नाही. कोपरे चुरचुरली आणि पाय सुजले. मी काही बोलले नाही. मग एके दिवशी आई मला फोर्टात एका मडमेच्या केसांच्या दुकानात घेऊन गेली.

तिथे ओळीने गोऱ्या आणि पारशी बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यातून विजेच्या तारा निघून छताला टांगलेल्या यंत्रात गेल्या होत्या. मला वाटले, हा दवाखाना असावा. आई माझा हात घट्ट धरून कुजबुजली, ‘अगं, यांना काय झालंय?’ मी मडमेला विचारले. त्या बायका आपले सरळ केस कुरळे करून घेत होत्या. त्यासाठी तासन्‌तास त्या तशा बसत आणि भरपूर पैसे देत. मी माझे कुरळे केस सरळ करायला आले आहे हे ऐकल्यावर मडम माझ्याकडे पाहतच राहिली. तिने माझी एक बट बोटावर घेतली, सोडली, ती परत गुंडाळली गेली, आणि ती इंग्रजीत म्हणाली, ‘पोरी, या सगळ्या जणींना हेच हवंय!’ मी ते आईला मराठीत सांगितले. आई म्हणाली, ‘तिला म्हणावं, या सगळ्या जणींना मुरूडची सासू नाही.’ याचे मी भाषांतर केले नाही.

मडमेने एक सपाट तोंडाचा लोखंडी चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर तापवला. तो वर्तमानपत्राच्या कागदावर दाबून पाहिला. कागद तपकिरी झाला. ‘अजून थोडा गार होऊ दे,’ म्हणत तिने दोन फुंकरा घातल्या आणि माझ्या मानेजवळच्या केसांपासून सुरुवात केली. आवाज फोडणीसारखा आणि वास होळीत केस पडल्यासारखा. मधून मधून ती लॅव्हेंडरच्या वासाचे काही तूपकट मलम चोळी आणि धूर अधिकच निघे. सगळे झाल्यावर आरशात एक अगदी अनोळखी मुलगी होती. तिचे केस भिजलेल्या कावळ्याच्या पंखांसारखे खाली लोंबत होते. आईच्या डोळ्यांत पाणी आले. आनंदाचे. तिने तसलाच एक चिमटा विकत घेतला.

मडमेने बजावले होते की पाणी लागले की संपले. म्हणून मुरूडहून परत येईपर्यंत डोक्यावरून पाणी नाही, आणि रोज सकाळी आई स्टोव्हवर चिमटा तापवून जिथे जिथे बट वळेल तिथे तिथे दाबायची. आईला कागदावर करून पाहण्याचा धीर नसे.

बोटीवर

माझ्यासोबत अप्पामामा निघाला. तो आईचा धाकटा भाऊ, एका वकिलाचा कारकून. स्वभावाने आनंदी, खाण्याचा शौकीन, आणि खोटे बोलायला त्याला विचार करावा लागत नाही. भाऊच्या धक्क्यावर सकाळी इतकी गर्दी होती की कोंबड्यांच्या टोपल्या, गूळ, ट्रंका आणि माणसे यांतले काय आधी चढले ते सांगता येणार नाही.

ज्यांनी हा किनारा समुद्रावरून पाहिला नाही त्यांनी एकदा पाहावा. डाव्या हाताला डोंगर सगळा वेळ सोबत चालतात, पण जवळ येत नाहीत. त्यांच्या पायाशी नारळी-पोफळीची गर्द रेघ, तिच्यात मधूनच एखादे कौलारू छप्पर आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. अलिबागचा किल्ला पाण्यात एखाद्या भांड्यासारखा ठेवलेला दिसला. मामा म्हणाला, ‘ओहोटीला चालत जाता येतं तिथं.’ मला ते खरे वाटले नाही. मामाच्या बाबतीत ते साहजिक आहे, पण ते खरेच आहे असे नंतर कळले.

मी हे सारे डोक्यावरून पदर घट्ट ओढून, एका हाताने तो हनुवटीखाली धरून पाहिले, कारण खारा वारा. अलिबाग गेले तेव्हा कपाळावर काहीतरी गुदगुल्या करू लागले. मी बोटाने चाचपले. एक बट वळली होती. रेवदंडा येईपर्यंत दोन्ही कानांवरच्याही वळल्या. मामाने डब्यातली पुरी तोंडात घालता घालता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘सुमे, तुझ्या आईनं समुद्राचा विचार केलेला दिसत नाही.’

मुरूडला आगबोट धक्क्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि पडाव म्हणजे मोठ्या होड्या तिच्या कुशीला येतात. लाटेवर पडाव वर आला की उडी मारायची, खाली गेला की थांबायचे. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. उडी मी कशी मारली ते आठवत नाही. पण खरा धक्का पुढेच होता. पडाव वाळूपर्यंत जात नाही. गुडघाभर पाण्यात दोन कोळी आले, त्यांनी हातांची चौकट केली आणि एक म्हणाला, ‘बसा, बाय.’ मी मामाकडे पाहिले. मामा तिसऱ्याच एका कोळ्याच्या पाठीवर केव्हाच चढला होता. नन्सच्या शाळेत दहा वर्षे ‘पुरुषांकडे मान वर करून पाहू नये’ हे शिकलेली मी, दोन परक्या पुरुषांच्या हातांवर बसून सासरच्या गावात दाखल झाले. मामाला त्याच्या कोळ्याने वजनामुळे वाळूच्या अलीकडे पाण्यातच खाली ठेवले. त्याचे नवे बूट मीठ खाऊन पांढरे झाले.

मुरूडचा नाका

मुरूड नवाबसाहेबांच्या राज्यात आहे. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या सामानाची जकातीसाठी तपासणी होते. सासरे आम्हाला घ्यायला नाक्यावर आले होते. उंच, कमी बोलणारे, काखेत छत्री. मी वाकून नमस्कार केला आणि तेवढ्यात शिपायाने माझी ट्रंक उघडली.

साड्यांच्या खालून त्याने चिमटा बाहेर काढला आणि उन्हात धरला.

‘ही काय चीज हाय?’

त्याने तो दोनदा उघडला, मिटला. ‘कारकूनसाहेब, हे बघा. सपाट हाय दोन्ही बाजूंनी. ठसा मारायचा साचा तर नाय?’

कारकून उठून आला. चार माणसे गोळा झाली. सासऱ्यांनी चष्मा लावला. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मी तोंड उघडले असते तर खरे बाहेर आले असते, म्हणून मी ते उघडले नाही.

‘साचा कसला साहेब!’ मामा पुढे झाला. ‘पापड भाजायचा विलायती चिमटा आहे तो. मुंबईत नवीन आलाय. विहीणबाईंना भेट आणलीय.’

कारकुनाने मान डोलावली. ‘हां. पापडाचा. दिसतोय खरा.’ शिपायाने तो ट्रंकेत ठेवला नाही. विहीणबाईंची भेट म्हणून मोठ्या अदबीने सासऱ्यांच्या हातात दिला. सासरे घरापर्यंत तो छत्रीबरोबर काखेत घेऊन चालले.

‘मामा,’ मी मागून दबक्या आवाजात म्हटले, ‘आता मी उद्या सकाळी काय करू?’

‘उद्याचं उद्या,’ मामा म्हणाला. ‘आज जकात तर वाचली!’

सासूबाई

घर समुद्रापासून चार पावलांवर, मागे पोफळीची वाडी. आमच्या मुंबईच्या घरात नळाला पाणी येते तेव्हा बादल्यांची भांडणे होतात. इथे विहिरीवरचा रहाट दिवसभर करकरत असतो, पाणी पाटांतून झाडाझाडापाशी जाते आणि कोणी घाईत नसते. सासूबाई मात्र घाईत होत्या. ठेंगणी, भरदार अंगाची, नाकात मोठी नथ. त्यांनी माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला, मामाच्या बुटांकडे पाहिले, सासऱ्यांच्या काखेतला चिमटा काढून घेतला आणि विचारले, ‘हे काय गो?’

सासऱ्यांनी आयुष्यातले सर्वांत लांब वाक्य उच्चारले असावे. ‘पापड भाजायचा विलायती चिमटा, सुनेनं तुला आणलाय.’

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथेच बुडून जावेसे वाटले.

दुपारी ताटात वालाचे बिरडे, सुरमईची तुकडी, सोलकढी, आणि पापड. सासूबाईंनी तो चुलीच्या निखाऱ्यांवर चिमट्यात धरून स्वतः भाजला होता. खरोखर सुरेख भाजला होता. एक फोड नाही, काठ वर आलेला नाही. सासऱ्यांनी तुकडा तोंडात घातला, थांबले, आणि पुन्हा हुंगले.

‘याला वास कसला येतोय?’

‘विलायती वास आहे तो,’ मामा म्हणाला.

लॅव्हेंडरचा होता. आणि थोडा माझ्या केसांचा. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. ‘तरीच! आमच्या मेल्या सांडशीनं कधी असा भाजला नाही. उद्या आळीतल्या बायका हळदीकुंकवाला येतील, त्यांना दाखवते.’

मी पापड पूर्ण खाल्ला. तो खाताना मला कळून चुकले होते की चिमट्याच्या मुठी करपल्या आहेत, पात्यांवर काजळी चढली आहे, आणि तो मला परत मिळणार नाही. उरलेला दिवस मी पदराखाली काढायचा ठरवला. सुनेने डोक्यावरून पदर घेतला तर कोणाला खटकत नाही, ही एकच गोष्ट माझ्या बाजूने होती.

मग हात धुताना सासूबाई म्हणाल्या, ‘जेवण जिरलं की मागच्या दारी ये. तुझं डोकं धुवायचंय.’

‘माझं?’

‘मग कोणाचं? लांबच्या वाटेला निघाली सून की सासूनं न्हाऊ घालायचं. आमच्याकडची रीत आहे. माझं माझ्या सासूनं धुतलं होतं, आणि मी तर नुसती पनवेलला चालले होते!’

मी मामाकडे पाहिले. मामा सोलकढीच्या वाटीत पाहत होता.

न्हाणे

परसात विहिरीजवळ एक मोठा दगड आहे, त्यावर मला बसवले. तांब्याच्या हंड्यात गरम पाणी, वाटीत शिकेकाई, आणि मोठ्या पातेल्यात ताज्या नारळाचे दूध. मुंबईत नारळाचे दूध आम्ही कढीला जपून घालतो. इथे ते डोक्यावर ओततात! सासूबाईंनी बाह्या सावरल्या. मी म्हटले, ‘आई, मला सर्दी आहे.’ त्या म्हणाल्या, ‘पाणी कढत आहे.’ मी म्हटले, ‘आत्ताच न्हाले होते.’ त्या म्हणाल्या, ‘ते मुंबईचं पाणी.’ आणि माझा पदर त्यांनी मागे सारला.

पहिला तांब्या पडला आणि मला ते जाणवले. डोक्याची कातडी सैल झाली, जणू कोणी दोरी सोडली. दुसऱ्या तांब्याला कानांजवळचे केस वर चढले. सासूबाईंचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले, हळूहळू, चाचपत. त्यांनी नारळाचे दूध ओतले, बोटे केसांत घातली आणि मानेपासून वर ओढली.

हातात केसांचा पुंजका आला. गळतात तसे चार केस नव्हेत. मूठभर, मधूनच तुटलेले, टोकाला पिवळट. त्यांनी दुसऱ्या बाजूला हात घातला. तिकडेही तेच.

‘अगो आई!’ एवढेच त्या म्हणाल्या.

मी दगडाकडे पाहत होते. नारळाचे दूध नाकावरून ओघळत होते.

‘हे कोणी जाळले?’

मी नाक पुसले.

‘कशानं जाळले? सुमती, वर बघ. कशानं?’

‘चिमट्यानं,’ मी म्हटले.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्वयंपाकघराकडे. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. मला वाटते, त्या क्षणी त्यांना पापड आठवला.

त्या तशाच आत गेल्या. ओसरीवरून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मामा काहीतरी विनोद करायला गेला आणि मध्येच गप्प झाला. ‘अप्पासाहेब, फसवणूक केलीत ती केलीत. पण हे डोकं घेऊन ही मोंबाशाला जायची नाही. माझा मुलगा काय म्हणेल? सासरी चार घास खाऊन आली आणि डोकं करपवून आली? केस येईपर्यंत इथंच राहील. ब्राह्मीचं तेल लावीन, माका लावीन. सहा महिने लागोत की वर्ष. तिकीट परत करायला सांगा.’

मी ते ऐकले. ज्या निळ्याकडे मी शाळेत असल्यापासून पाहत होते ते एका वाक्यात पुसले गेले. मला रडू आले नाही. चाचपून मला एवढेच कळले की डोक्याच्या एका बाजूला वीतभर केस उरले आहेत, दुसऱ्या बाजूला कमरेपर्यंत, आणि मागे मानेवर नुसते खुंट. शाळेत एका मुलीला विषमज्वर झाला होता तेव्हा नन्सनी तिचे केस कापून सारखे केले होते आणि ते पुन्हा छान आले होते. वाढवायचेच आहेत तर सगळे सारखे वाढू देत, असा विचार मी केला. शिवणाच्या पेटीत माझी कात्री होती. ती आणली, पुन्हा दगडावर बसले, आणि कानाखाली धरून सगळीकडून कापले.

फोर्टातल्या कितीतरी मडमा तसे केस ठेवतात. माझ्या मनात मडम आली. दुसरे कोणी आले नाही.

सासूबाई परत आल्या त्या मामाला बरोबर घेऊन. माझ्या मांडीवर केसांचा ढीग होता. मामाने ‘बाप रे’ म्हटले आणि पाठ फिरवली. सासूबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही, की वाडीकडचे दार लोटून कडी घातली. मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

‘माझा मुलगा जिवंत आहे,’ त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. ‘माझा मुलगा जिवंत आहे गो. आणि तू हे काय केलंस?’

तेव्हा मला समजले. त्या आळीत, त्या गावात, बाईच्या केसांना हत्यार एकाच प्रसंगी लागते. मी इतकी हादरले की कात्री हातातून पाण्याच्या पाटात पडली. मी उठून त्यांच्या पायांवर डोके ठेवायला गेले, तर त्या दोन पावले मागे सरल्या. ते डोके त्यांना पायांवर नको होते.

मामाने घसा साफ केला. ‘मग, विहीणबाई, तिकीट परत…’

‘कसलं तिकीट परत?’ सासूबाई त्याच्यावर कडाडल्या. ‘उद्या हळदीकुंकवाला सगळी आळी येणार. एकीच्या जरी नजरेस पडलं, तर सांजेच्या आत सगळ्या मुरूडात होईल की तार आली आणि आम्ही लपवली. मी दारोदार जाऊन सांगत फिरू, माझा मुलगा धडधाकट आहे म्हणून?’

‘पण तुम्हीच म्हणालात, केस येईपर्यंत इथं…’

‘इथं? हे डोकं घेऊन? माझ्या घरात?’ त्यांनी श्वास घेतला. ‘उद्याची बोट किती वाजता आहे?’

ओसरीवरून सासऱ्यांनी विचारले, ‘काय झालं?’

‘काही नाही,’ त्या ओरडल्या. ‘सुनेला गोवर आलाय. उद्याचं हळदीकुंकू नाही. सून उद्या जातेय.’

‘गोवर आलेल्या माणसाला बोटीवर घेतील का?’ सासरे म्हणाले.



परत

सकाळी खिडक्या लावून, माजघरात, समईच्या उजेडात सासूबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, वाडीतल्या सुपाऱ्या. रात्रभर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आता पदर माझ्या डोक्यावर नीट बसवताना त्यांचा हात क्षणभर थांबला. केस कोरडे झाले होते आणि आपल्या जुन्या सवयीप्रमाणे वळले होते.

‘हे आधीपासून असेच?’

‘हो.’

‘मी सरळ हवेत म्हटलं होतं, हे खरं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण जाळून आणा असं नव्हतं म्हटलं.’

मी मान खाली घातली.

‘त्याला काय सांगशील?’

‘जे झालं ते.’

‘सगळं?’

‘सगळं.’

त्यांनी थोडा विचार केला. ‘पापडाचं नको सांगूस,’ त्या म्हणाल्या. आणि मग, दाराकडे तोंड करून, घाईघाईने, ‘जा.’

त्या शब्दासाठी मी आले होते. तो असा मिळेल असे मला वाटले नव्हते. मी तो परत एकदा ऐकायला थांबले नाही.

आगबोटीवर मामा पाय पसरून झोपला. मी बायकांच्या बाजूला, कोळणींच्या टोपल्यांजवळ बसले. सुकटीच्या वासाने डोके भणभणत होते. बोट मुरूडचे टोक ओलांडून बाहेर पडली, मोठा वारा आला आणि दोन्ही हातांनी धरलेला पदर पाठीमागे गेला. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीने माझ्याकडे पाहिले आणि तिच्या हातातले पान तसेच राहिले.

‘आगं बाय बाय बाय,’ ती म्हणाली. ‘एवढ्या कवल्या वयात? कवा झालं गं?’

मला काय ते कळेपर्यंत तिने माझा हात हातात घेतला होता. मग तिची नजर माझ्या कपाळावर गेली.

‘आन् हे कुकू?’

आदल्या दिवशी मी गप्प राहिले असते. परवा तर नक्कीच. पण ती बाई माझ्या जिवंत नवऱ्यासाठी रडायच्या बेतात होती.

‘झालं काही नाही,’ मी म्हटले. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेले नाही. मी मोठ्याने म्हटले, ‘माझे यजमान जिवंत आहेत! मोंबाशाला! मी त्यांच्याकडेच जातेय!’

‘मंग डोई कुनी केली?’

‘माझी मी!’

ती आ वासून पाहत राहिली. मग तिने कनवटीची डबी काढली, अंगठा भरभरून कुंकवात बुडवला आणि माझ्या कपाळावर असा दाबला की मला मागे रेलावे लागले. ‘येवढुसं लावून न्हाय भागायचं, बाय. लांबून दिसाया पायजे,’ ती म्हणाली आणि सगळ्या डेकला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘आगो, दादला जिता हाय हिचा! आफ्रिकंला चालली!’

सगळ्या बायका वळल्या. एवढी तोंडे एकदम माझ्याकडे वळलेली मी जन्मात पाहिली नव्हती. कोणीतरी विचारले, तिथे मासळी कोणती मिळते. दुसरी म्हणाली, पाऊस असतो का? एकीला माझ्या केसांना हात लावून पाहायचा होता, आणि तिच्यामागे आणखी तिघी. एकीला हे सगळे मुळापासून ऐकायचे होते. मी मडमेच्या दुकानापासून सुरुवात केली. विजेच्या तारांपाशी आले तेव्हा टोपल्या बाजूला सरकवून त्या जवळ सरकल्या. इंजिन धडधडत होते, वारा शब्द पळवीत होता, आणि मागच्या बायकांना ऐकू येत नव्हते म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती.

मुंबईचे दिवे दिसू लागले तेव्हा माझा घसा बसला होता.